नोंदवहीतली चूक आणि औषधातला दोष

२००२ च्या सुरुवातीला युगांडाची राजधानी कंपालामधल्या मुलागो रुग्णालयात पाठोपाठ पाहुणे येऊ लागले. जानेवारीत बोरिंगर इंगेलहाइम या जर्मन औषध कंपनीची माणसे येऊन गेली. फेब्रुवारीत अमेरिकी सरकारच्या संशोधन संस्थेने नेमलेले ऑडिटर आले. मार्चमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे, म्हणजे एफडीएचे, निरीक्षक यायचे होते. सगळ्यांचे काम एकच होते. तीन वर्षांपूर्वी जगभर गाजलेल्या एका क्लिनिकल ट्रायलचे केस पेपर, संमतिपत्रे, औषधांच्या नोंदी आणि प्रयोगशाळेचे अहवाल एकमेकांशी जुळतात की नाही, हे पाहायचे.

एफडीएचे निरीक्षक आलेच नाहीत. आधीच्या दोन तपासण्यांत इतक्या त्रुटी निघाल्या, की कंपनीने एफडीएकडे केलेला अर्जच मागे घेतला.

ही घटना आज पुन्हा आठवण्याचे कारण आहे. क्लिनिकल ट्रायल कशी करावी याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, ज्यांना ‘गुड क्लिनिकल प्रॅक्टिस’ म्हणतात, त्यांची नवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये पक्की झाली आणि जुलै २०२५ पासून युरोपात लागू झाली. भारतात १ एप्रिल २०२५ पासून, औषध कंपन्यांच्या वतीने कंत्राटावर ट्रायल चालवणाऱ्या संस्थांना केंद्रीय औषध नियंत्रकांकडे नोंदणी बंधनकारक झाली आहे. दोन्ही बदलांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे : ट्रायलच्या कागदांत चूक सापडली, तर तिचा अर्थ काय लावायचा? कंपालात या प्रश्नाच्या उत्तरावर लाखो बाळांचे भवितव्य टांगले गेले होते.

एक गोळी, थोडेसे औषध

‘एचआयव्हीनेट ०१२’ हे त्या ट्रायलचे नाव. नोव्हेंबर १९९७ मध्ये ती सुरू झाली. एचआयव्हीबाधित गर्भवतीकडून बाळाला होणारी लागण थांबवायची, तीही गरीब देशाला परवडेल अशा पद्धतीने, हा तिचा उद्देश. प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या की आईला नेविरापिनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि जन्मानंतर ७२ तासांच्या आत बाळाला त्याच औषधाचे थोडेसे द्रव, एवढाच उपचार. दुसऱ्या गटातल्या माता-बालकांना एझेडटी हे त्या काळचे परिचित औषध थोड्या दिवसांसाठी दिले गेले. ६२६ स्त्रिया या दोन गटांत होत्या. बाळे १४ ते १६ आठवड्यांची झाली तेव्हा एझेडटी गटातल्या २५.१ टक्के बाळांना लागण झालेली होती, नेविरापिन गटातल्या १३.१ टक्के बाळांना. म्हणजे जवळपास निम्मी. आई आणि बाळ दोघांच्या औषधाचा खर्च मिळून चार डॉलरच्या आसपास.

सप्टेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि आफ्रिका-आशियातल्या आरोग्य खात्यांना पहिल्यांदाच हाताशी धरता येईल असे काही मिळाले. कंपनीने विकसनशील देशांना हे औषध मोफत देऊ केले. भारतातही, महाराष्ट्रासकट, सरकारी रुग्णालयांतल्या एचआयव्हीबाधित गर्भवतींना पुढे अनेक वर्षे हीच एक गोळी दिली जात होती. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालयात त्यापुढचा प्रश्नही तपासला गेला : बाळाला एकाच डोसऐवजी सहा आठवडे नेविरापिन दिले, तर आईच्या दुधातून होणारी लागण कमी होते का? इथिओपिया, युगांडा आणि भारत यांच्या त्या एकत्रित अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. या सगळ्याचा पाया मुलागोतल्या केस पेपरवर उभा होता.

ऑडिटरना काय दिसले

नेविरापिनचा हा उपयोग अमेरिकेतही अधिकृत करून घ्यावा, असे कंपनीच्या मनात आले आणि तिने एफडीएकडे अर्ज केला. तिथून गुंता सुरू झाला. एफडीएचा शिक्का हवा असेल, तर ट्रायलचा प्रत्येक कागद एफडीएच्या कसोटीला उतरावा लागतो. मुलागोतली ट्रायल मुळात त्या हेतूने आखलेली नव्हती. सुरुवातीला तिच्यात प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीचाही गट होता. फेब्रुवारी १९९८ मध्ये थायलंडहून बातमी आली, की एझेडटीच्या छोट्या उपचारानेही लागण घटते. मग कोणाही आईला नुसती प्लासिबो देणे नैतिकदृष्ट्या शक्य उरले नाही. तो गट बंद झाला आणि ट्रायलचा आराखडा चालू कामातच बदलला.

ऑडिटरना ज्या त्रुटी दिसल्या त्यांचा मोठा भाग गंभीर प्रतिकूल घटनांच्या नोंदींचा होता. औषध सुरू झाल्यानंतर रुग्णाला जे काही गंभीर होते, त्याचा औषधाशी संबंध असो वा नसो, ते नोंदवायचे असते. कंपालातल्या अशा वस्तीत, जिथे हिवताप, अतिसार, न्यूमोनिया आणि रक्तक्षय बाळांच्या पाचवीला पुजलेले, तिथे कशाला ‘गंभीर’ म्हणायचे? स्थानिक डॉक्टरांनी आपल्या अनुभवाने ठरवले. ऑडिटर अमेरिकेतली फूटपट्टी घेऊन आले होते. शिवाय नोंदी अपुऱ्या होत्या, काही मूळ कागदांशी जुळत नव्हत्या, कार्यपद्धती लेखी स्वरूपात नव्हत्या. हे आरोप खोटे नव्हते. ट्रायल चालवणाऱ्यांनीही ते पुष्कळसे मान्य केले.

संसर्गजन्य रोगांच्या ट्रायल जिथे रोग असेल तिथेच कराव्या लागतात. रोग बहुधा तिथे असतो, जिथे कपाटे कमी, कारकून त्याहून कमी आणि वॉर्डात एका खाटेवर दोन रुग्ण असतात. हृदयविकाराच्या औषधाची ट्रायल झुरिकमध्ये करता येते. हिवतापाची करता येत नाही.

चूक कोणत्या जातीची?

इथे थोडे तंत्रात शिरावे लागेल. ट्रायलवर तीन पातळ्यांचा पहारा असतो. पहिला मॉनिटर. तो ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीचा किंवा तिने नेमलेल्या कंत्राटी संस्थेचा माणूस. ठरावीक दिवसांनी केंद्रावर येतो, केस पेपर आणि ट्रायलचा फॉर्म शेजारी शेजारी ठेवून जुळवतो. दुसरा ऑडिटर. तो रोजच्या कामाबाहेरचा, आणि मॉनिटरचे कामही त्याच्या तपासणीत येते. तिसरा सरकारी निरीक्षक. त्याच्या हाती कायदा असतो.

हे तिघे काय पाहतात? संमतिपत्रावरची सही किंवा अंगठा पहिल्या तपासणीच्या आधीचा आहे का. नोंद कोणी केली हे कळते का, ती वाचता येते का, घटना घडली त्याच वेळी केली का, मूळ कागद आहे का, आणि खाडाखोड केली असेल तर जुना मजकूर दिसेल अशी एक रेघ मारून सही-तारीख टाकली आहे का. औषधाच्या किती बाटल्या आल्या, किती दिल्या, किती परत आल्या. लस असेल तर फ्रिजचे तापमान दोन ते आठ अंशांच्या आत राहिले का, सुट्टीच्या दिवशीही. रक्ताच्या नळीवरचा क्रमांक आणि अहवालावरचा क्रमांक एकच आहे का.

यातला शेवटचा मुद्दा संसर्गजन्य रोगांत फार मोलाचा. तिथे निकाल बहुतेकदा प्रयोगशाळेतून येतो आणि तो हो किंवा नाही असा असतो. विषाणू सापडला किंवा नाही सापडला. दोन नळ्यांची अदलाबदल झाली, तर निरोगी बाळ बाधित ठरते आणि बाधित निरोगी. याउलट आईचा पत्ता चुकीचा लिहिला गेला, तर तपासनीसाच्या यादीत त्रुटीची संख्या एकाने वाढते, निष्कर्षाला धक्का लागत नाही.

आणखी एक भेद आहे, आणि संख्याशास्त्रात तोच सर्वांत महत्त्वाचा. चुका दोन्ही गटांत सारख्या विखुरलेल्या असतील, तर निकाल जरा पुसट होतो, पण उलटा होत नाही. चुका एकाच गटाच्या बाजूने झुकलेल्या असतील, तर मात्र कमी संख्येच्या चुकाही घातक. म्हणून ‘किती त्रुटी निघाल्या’ हा प्रश्न अर्धवट आहे. कोणत्या जागी निघाल्या आणि कोणाकडे झुकल्या, हे विचारावे लागते.

हे मोजमाप एचआयव्हीनेट ०१२ ला लावले तर काय दिसते? कोणत्या आईला कोणते औषध मिळाले हे डॉक्टरांना माहीत होते. त्यामुळे प्रतिकूल घटनांची नोंद, जी डॉक्टरच्या निर्णयावर अवलंबून असते, तिच्याविषयी शंका घेणे रास्त होते. पण मुख्य निकाल, म्हणजे बाळाला लागण झाली की नाही, हा रक्ताच्या तपासणीवर ठरलेला होता. डॉक्टरला काय वाटते याने तो बदलणारा नव्हता. म्हणजे ऑडिटचे आक्षेप औषधाच्या सुरक्षिततेच्या दाव्याला जितके लागू होते, तितके परिणामकारकतेच्या दाव्याला नव्हते. हा फरक ऑडिट अहवाल वाचणाऱ्या तज्ज्ञांना समजत होता. तो बाहेर पोहोचला नाही.

अर्ज मागे घेतल्यावर अमेरिकी संस्थेने सगळ्या नोंदींची नव्याने पडताळणी करवून घेतली. तिचा अहवाल २००३ मध्ये आला. पूर्वी न नोंदवलेल्या काही गंभीर घटना सापडल्या, पण मूळ निष्कर्ष टिकले. प्रकरण तिथे मिटायला हवे होते. पण त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या औषध नियामकांनी, ही ट्रायल आता पुरावा म्हणून चालणार नाही, कंपनीने ९० दिवसांत दुसरा पुरावा द्यावा, असे कळवले. त्या देशात राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी एचआयव्हीमुळे एड्स होतो याविषयीच शंका घेतली होती. २००२ मध्ये तिथल्या घटनापीठाला, सरकारी रुग्णालयांत गर्भवतींना नेविरापिन द्या, असा आदेश द्यावा लागला होता. अशा जागी ऑडिटचा कागद म्हणजे कोलीत.

डिसेंबर २००४ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बातम्यांची मालिका छापली. अमेरिकी आरोग्य अधिकाऱ्यांना ट्रायलमधल्या त्रुटी ठाऊक असूनही त्यांनी व्हाइट हाउसला सांगितले नाही आणि राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ५० कोटी डॉलरची माता-बालक योजना त्या औषधाच्या भरवशावर जाहीर केली, असा तिचा रोख. संस्थेतलेच एक अधिकारी, जोनाथन फिशबेन, यांनी अहवालातली सुरक्षिततेची टीका वरिष्ठांनी मवाळ केल्याचा आरोप केला. दक्षिण आफ्रिकेच्या सत्ताधारी पक्षाने आफ्रिकनांना गिनीपिग बनवले गेल्याचे लिहिले. गर्भवती स्त्रियांना गोळी देणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे आता वेगळाच प्रश्न होता : आईने विचारले, ‘हे विष आहे म्हणतात, खरे का?’ तर काय सांगायचे?

अखेर अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने स्वतंत्र समिती बसवली. एप्रिल २००५ मध्ये तिने निर्वाळा दिला. ट्रायलची आखणी आणि अंमलबजावणी शास्त्रीय व नैतिक दृष्टीने योग्य होती, नोंदींतल्या उणिवांनी निष्कर्ष बदलत नाहीत, त्यांवर विसंबता येईल. पहिल्या ऑडिटपासून या निर्वाळ्यापर्यंत तीन वर्षे गेली होती.

फिशबेन यांचे सगळेच म्हणणे मात्र उडवून लावण्यासारखे नव्हते. संस्थेने पहिल्याच दिवशी त्रुटींची यादी आणि तिचा अर्थ दोन्ही उघड मांडले असते, तर वृत्तसंस्थेला ‘लपवलेले सत्य’ सापडलेच नसते.

आणि एक नीटनेटकी ट्रायल

आता याच्या अगदी उलट उदाहरण. तेही संसर्गावरच्याच औषधाचे, आणि त्याच काळातले.

केटेक हे श्वसनमार्गाच्या संसर्गांवरचे प्रतिजैविक. अव्हेंटिस कंपनीने एफडीएकडे परवानगी मागितली, तेव्हा यकृतावरच्या दुष्परिणामांविषयी शंका निघाली. सुरक्षिततेचा आणखी पुरावा आणा, असे सांगण्यात आले. कंपनीने अवघ्या काही महिन्यांत २४ हजारांहून अधिक रुग्णांची ट्रायल केली. अमेरिकेतले १,८०० हून अधिक डॉक्टर तिच्यात होते, बहुतेक साधे दवाखाने चालवणारे. प्रत्येक रुग्णामागे ४०० डॉलर मिळत.

अलाबामा राज्यातल्या गॅडस्डेन या छोट्या शहरातल्या एका डॉक्टरने चारशेहून अधिक रुग्ण नोंदवले, सगळ्या देशात सर्वाधिक. हा आकडा त्या शहराच्या प्रौढ लोकसंख्येच्या जवळपास एक टक्का होता. फॉर्म भरलेले होते, रकाने रिकामे नव्हते. मॉनिटर म्हणून गेलेल्या बाईंना मात्र वास आला. काही मिनिटांच्या अंतराने रुग्ण दाखल झालेले, दवाखाना बंद असतानाच्या तारखाही त्यात. ट्रायल मध्येच सोडून गेलेले रुग्ण जवळपास नाहीत. खऱ्या ट्रायलमध्ये माणसे गावाला जातात, कंटाळतात, गोळ्या विसरतात, दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. इथे सगळेच शहाणे. या बाईंनी आपल्या वरिष्ठांना कळवले. २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे साक्ष देताना त्यांनी, कंपनीलाही हे ठाऊक होते, असे सांगितले. कंपनीचे म्हणणे, फसवणूक झाल्याचे तिला माहीत नव्हते.

एफडीएच्या निरीक्षकांनी २००२ च्या ऑक्टोबरात त्या दवाखान्याची तपासणी केली आणि बनावट नोंदी उघड झाल्या. डॉक्टरला ५७ महिन्यांची कैद झाली. धक्कादायक भाग पुढेच आहे. जानेवारी २००३ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीपुढे या ट्रायलची माहिती मांडली गेली, तेव्हा समितीच्या सदस्यांना या फसवणुकीबद्दल सांगितलेच नाही. एप्रिल २००४ मध्ये औषधाला परवानगी मिळाली. २००६ मध्ये यकृत निकामी झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. फेब्रुवारी २००७ मध्ये तीनपैकी दोन आजारांसाठीची परवानगी काढून घेण्यात आली.

कंपालात कागद विस्कटलेले होते आणि निष्कर्ष खरा होता. गॅडस्डेनमध्ये कागद चकाचक होते आणि रुग्णच खोटे. तपासणीची पद्धत फक्त रकाने मोजणारी असेल, तर पहिली ट्रायल नापास होते आणि दुसरी पहिल्या वर्गात पास.

नवे नियम काय सांगतात

हा धडा औषधजगताने सावकाश का होईना, घेतला आहे. पूर्वी मॉनिटरने प्रत्येक रुग्णाचा प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडायचा, अशी रीत होती. २०१४ मध्ये औषध कंपन्यांच्या एका संयुक्त मंचाने हजाराहून अधिक ट्रायलची माहिती तपासली, तेव्हा दिसले, की या एवढ्या खटाटोपामुळे दुरुस्त झालेली माहिती एकूण माहितीच्या साधारण १.१ टक्के होती. विमान, हॉटेल, दिवसचे दिवस, आणि हाती एक टक्का.

म्हणून नव्या आवृत्तीत भर आहे तो आखणीतच गुणवत्ता बांधून घेण्यावर. ट्रायल सुरू होण्याआधीच ठरवायचे, की कोणत्या गोष्टी बिघडल्या तर रुग्णाला इजा होईल किंवा निष्कर्ष फसेल. पहारा तिथे कडक ठेवायचा, बाकी ठिकाणी सैल. शिवाय सगळ्या केंद्रांचे आकडे एकत्र ठेवून संगणकावर पाहायचे. एखाद्या केंद्रात सगळ्यांचा रक्तदाब शून्यावर संपतो, कोणालाच ताप येत नाही, कोणी ट्रायल सोडत नाही, असे दिसले की माणूस पाठवायचा. गॅडस्डेनमधला एक टक्का अशा पाहणीत पहिल्याच महिन्यात डोळ्यांत भरला असता.

हे शहाणपणाचे आहे, पण त्यात एक पळवाटही आहे. ‘महत्त्वाचे काय’ हे ठरवणार ट्रायलचा पैसा देणारी कंपनीच. तिला जे बिनमहत्त्वाचे वाटेल ते रुग्णालाही तसेच वाटेल, याची खात्री कोण देणार?

कोविडच्या काळात याची चुणूक मिळाली. फायझरच्या लसीची ट्रायल सुमारे ४४ हजार लोकांवर, १५३ केंद्रांत झाली. परवानगीपूर्वी एफडीएने त्यांतल्या नऊ केंद्रांची तपासणी केली. साथ पेटलेली असताना प्रवास आणि वेळ दोन्ही अवघड होते, हे खरे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘बीएमजे’ने टेक्सासमधल्या एका कंत्राटी संस्थेतल्या माजी कर्मचाऱ्याची तक्रार छापली. कोणाला लस, कोणाला प्लासिबो हे गुपित उघडे पडले, लस देणारे पुरेसे प्रशिक्षित नव्हते, दुष्परिणामांचा पाठपुरावा वेळेवर झाला नाही, असे तिचे आरोप. एफडीएला तिने ईमेल केला त्याच दिवशी तिला कामावरून काढले गेले. त्या संस्थेकडे सुमारे एक हजार लोक होते. एफडीएने तपासलेल्या नऊ केंद्रांत तिचे एकही नव्हते.

हे हजार जण बाजूला काढले तरी लसीच्या परिणामकारकतेचा निष्कर्ष बदलत नाही, आणि नंतर इस्रायलसारख्या देशांत लाखो लोकांच्या नोंदींनी तो वेगळ्या मार्गाने सिद्धही केला. तक्रारदार बाईंचा कंपनीविरुद्धचा दावा न्यायालयात टिकला नाही. तरी लसविरोधकांच्या हातात ती बातमी वर्षानुवर्षे फिरत राहिली. कंपालातले कोलीत पुन्हा पेटले, एवढेच. तक्रार आली त्याच आठवड्यात निरीक्षक पाठवून अहवाल जाहीर झाला असता, तर त्याला हवा मिळाली नसती.

आपल्याकडे

भारतात नियमांची वानवा नाही. २०१९ च्या नव्या औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार गंभीर प्रतिकूल घटना २४ तासांच्या आत कळवावी लागते. औषध नियंत्रकांचे अधिकारी पूर्वसूचना देऊन किंवा न देता केंद्र तपासू शकतात. नवे रसायन असेल आणि सहभागी दुर्बल गटातला असेल, तर संमतीचे दृक्-श्राव्य चित्रण सक्तीचे आहे. त्यातही एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाज ध्वनिमुद्रित करायचा, चेहरा नको. अशी संवेदनशील तरतूद नियमांत सापडली की बरे वाटते.

कंत्राटी संस्थांची नोंदणी हा या साखळीतला आतापर्यंत निसटलेला दुवा. तो का महत्त्वाचा, हे २००४ मध्ये कळून चुकले होते. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षी भारतीय कंपन्यांची काही एचआयव्हीविरोधी औषधे आपल्या मान्यताप्राप्त यादीतून काढली. गोळीत भेसळ निघाली होती असे नाही. मूळ औषधाइतकीच ही गोळी रक्तात उतरते, हे सिद्ध करणारी चाचणी बाहेरच्या कंत्राटी प्रयोगशाळेने केली होती आणि तिच्या नोंदी तपासणीत टिकल्या नाहीत. काही औषधे पुन्हा तपासून त्याच वर्षी यादीत परतली. स्वस्त भारतीय गोळ्यांवर आफ्रिकेतले उपचार उभे राहू लागले होते, त्या काळातली ही गोष्ट. कंपनीचे नाव बाटलीवर असते, चाचणी करणाऱ्याचे नसते. आता निदान सरकारदरबारी तरी ते नाव असेल.

पण नोंदणी संस्थेची होते, नोंद माणूस करतो. ट्रायलच्या केंद्रावर प्रत्यक्ष फॉर्म भरणारा असतो तो स्टडी कोऑर्डिनेटर, बहुधा तरुण, बहुधा प्रकल्पापुरत्या करारावर. प्रकल्प संपला की नोकरी संपली. एका वेळी दोन-तीन ट्रायल सांभाळताना मंगळवारची नोंद शुक्रवारी लिहिली जाते आणि तारीख मंगळवारची पडते. ऑडिटच्या आदल्या रात्री फायली पूर्ण करण्याची धांदल कोणत्याही सरकारी तपासणीच्या आदल्या रात्रीसारखीच. एकाच पेनाने, एकाच बसणीत लिहिलेली सहा महिन्यांची तापमान-नोंद अनुभवी ऑडिटर लांबून ओळखतो. हे सगळे फसवणुकीच्या हेतूने होते असे नाही. पण चूक दिसली तर ती तशीच ठेवून शेजारी कारण लिहिणे सुरक्षित आहे, असे त्या मुलाला किंवा मुलीला वाटत नसेल, तर कागद कंपालासारखे खरे राहण्याऐवजी गॅडस्डेनसारखे स्वच्छ होत जातात.

नेविरापिनच्या एका गोळीचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. ती गेली. ऑडिटमुळे नव्हे. एकच डोस घेतलेल्या अनेक मातांच्या शरीरातला विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो, हे पुढच्या संशोधनात स्पष्ट झाले. एचआयव्हीनेट ०१२ मधल्याच सुमारे एकपंचमांश मातांमध्ये ते दिसले होते. मग तीन औषधांचा एकत्रित उपचार आला. भारताने २०१४ पासून सर्व एचआयव्हीबाधित गर्भवतींना तो आयुष्यभरासाठी द्यायला सुरुवात केली. औषधाचा खरा दोष त्याच विस्कटलेल्या नोंदींच्या आणि साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांच्या आधारे सापडला.

मुलागोतल्या नोंदींविषयीचा २००५ चा अहवाल आज कोणालाही फुकट वाचता येतो. एफडीएने एखाद्या ट्रायल करणाऱ्या डॉक्टरला पाठवलेले ताकीदपत्रही तिच्या संकेतस्थळावर असते. भारतात केंद्राची तपासणी झाली तर तिचे निष्कर्ष कंपनीला, संस्थेला आणि फार तर नैतिकता समितीला कळतात. ज्या माणसाने दंड पुढे करून रक्त दिले, त्याच्या घरी ते सहसा पोहोचत नाहीत.